डेड स्टॉकमधलं बाळ

आमच्या योजनेत सरकार जागा आणि माणसं देतं, कंपनी सरावाच्या बाहुल्या आणि पैसा देते, आणि मी दोघांनाही आकडे देते. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे लेबर रूमच्या सिस्टरना एका दिवसात शिकवायचं, संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटायची, ग्रुप फोटो काढायचा. मागचा फलक फोटोत पूर्ण आला पाहिजे याबाबत कंपनीची माणसं जेवढी काटेकोर असतात, तेवढी मास्कच्या मापाबाबत असती तर माझे निम्मे फोन वाचले असते.

बाहुलीबद्दल मात्र कंपनीला पैकीच्या पैकी मार्क. पोटात कोमट पाणी भरलं की ती नवजात बाळाएवढी जड होते, आणि मान तशीच लुळी पडते. एक फुगा दाबला की नाळेत ठोके लागतात. मास्क नीट बसला नसेल, मान जास्त मागे गेली असेल किंवा पुढे झुकली असेल, तर तिची छाती हलतच नाही. मी समोरच्याला ‘छान, छान’ म्हणेन. बाहुली म्हणत नाही. म्हणून वर्गात मी कमी बोलते आणि मास्क लावलेली, हातानं दाबून श्वास द्यायची बॅग सिस्टरच्या हातात देते. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, बाकीची बोटं जबड्याच्या हाडावर. हनुवटीखालच्या मऊ भागावर बोट गेलं की मी टिचकी मारते. मिनिटाला साधारण 40 श्वास. ‘श्वास, दोन, तीन’ असं तोंडानं म्हणत राहायचं. घाबरलेला माणूस न मोजता दाबायला लागला की भलताच वेग धरतो, मग बाळाला श्वास सोडायला वेळच उरत नाही.

पाठपुरावा भेटीला त्या दिवशी ज्या रुग्णालयात गेले, त्याच्या नावापुढे ‘शंभर टक्के प्रशिक्षित’ असं लिहिलेलं होतं. बाहुली कुठे आहे विचारलं तर इन्चार्ज सिस्टरनी कुलूपबंद कपाट दाखवलं. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सरकारी वस्तूंच्या वहीत, नोंद झालेली वस्तू; फाटली, हरवली तर वसुली यांच्या पगारातून. “मॅडम, सरावाला काढायची तर लेखी द्या.” मला राग आला, पण त्यांच्यावर नाही. रिटायरमेंटच्या तोंडावर ‘ना देय’ (काही येणं बाकी नाही) प्रमाणपत्र अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आम्ही रजिस्टरवर बोलत असतानाच आतून हाक आली. बाळ आलं होतं. निळसर, सैल, आवाज नाही. ड्युटीवरच्या सिस्टरकडे आमचं प्रमाणपत्र होतं. त्यांनी बाळ पुसलं, पाठ चोळली, सगळं बरोबर. मग सक्शन, म्हणजे तोंड-नाकातला द्राव ओढून काढणं. मग पुन्हा सक्शन. गर्भाचं पाणी स्वच्छ होतं, बाळाच्या तोंडात काही नव्हतं, तरी सक्शन. हातांना काहीतरी करायचं असतं आणि बॅग उचलायची भीती वाटते, तेव्हा असंच होतं. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की त्यात त्या बाईंना दोष द्यायला जीभ रेटत नाही. पण पहिल्या मिनिटाच्या आत बॅग सुरू व्हायला हवी, आणि मिनिट संपत आलं होतं.

मी पुढे सरकले, तोवर टेबलाच्या पलीकडून एका मुलीनं मास्क टेकवलासुद्धा होता. कंत्राटी सिस्टर. पहिले दोन-तीन श्वास फुकट गेले, छाती हलली नाही. तिनं जोर वाढवला नाही. मास्क उचलला, मान किंचित सरळ केली, तोंड जरासं उघडलं, मास्क पुन्हा टेकवला. “श्वास, दोन, तीन.” छाती उचलली. नाळेच्या बुंध्यावर माझी बोटं होती. ठोके आधी रेंगाळत होते, मग पळायला लागले. बाळानं आधी तोंड वाकडं केलं, मग एकदा कण्हलं, आणि मग असं बोंबललं की मावशी तिथेच हसायला लागल्या.

छाती हलत नाही म्हटल्यावर आधी मास्क, मग मान, मग तोंड, आणि शेवटी जोर, हा क्रम पुस्तकातून हातात उतरत नाही. तो बोटांना माहीत असावा लागतो. मी आमची यादी दोनदा पाहिली. तिचं नाव कुठेच नव्हतं. कंत्राटी असल्यामुळे प्रशिक्षणासाठी नामनिर्देशनच झालं नव्हतं. मग शिकली कुठे?

चहाच्या वेळी ती हळूच म्हणाली, “मॅडम, नाइटला कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये असते.” कार्यशाळेला गेलेल्या एका मैत्रिणीनं तिला एकदा दाखवलं होतं. त्यानंतर काम नसलं की ही बाहुली काढायची, पाच मिनिटं बॅग दाबायची, पुसून परत ठेवायची. मावशींना सगळं ठाऊक होतं.

यात नवीन काही नाही, याचाच मला जास्त त्रास होतो. ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा असाच भागीदारीतला कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. त्यात अमेरिकी सरकारची मदतसंस्था होती, बालरोगतज्ज्ञांची संघटना होती आणि बाहुल्या बनवणारी नॉर्वेची लेर्डाल कंपनीही होती. टांझानियातल्या हायडोम इथल्या रुग्णालयात एक दिवसाच्या प्रशिक्षणानंतर काय झालं ते 2013 मध्ये छापून आलं: बाहुलीवरचं काम सुधारलं, खऱ्या बाळांवरचं सुधारलं नाही. पुढे तिथेच लेबर रूममध्ये आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू केला, तेव्हा पहिल्या 24 तासांतले बालमृत्यू घटले. शंभरातल्या जेमतेम तीन ते सहा बाळांना बॅग-मास्क लागतो. म्हणजे लहान रुग्णालयातल्या एखाद्या सिस्टरच्या वाट्याला असं बाळ कित्येक आठवडे येतच नाही. हात विसरणारच.

पण पाच मिनिटांच्या सरावाचा फोटो निघत नाही, आणि त्याचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा हे सरकारला कळत नाही. करारात बाहुल्यांची संख्या आहे, प्रशिक्षितांची संख्या आहे. बाहुली कपाटाबाहेर किती वेळ होती, हा रकाना नाही. ज्यांना शिकवलं त्यांची पुढच्याच बदलीत ओपीडीत रवानगी होते, तो रकानाही नाही.

कंपनीच्या प्रतिनिधींना फोनवर घटना सांगितली, तर त्यांना लगेच ‘यशोगाथा’ हवी होती, आमच्या प्रशिक्षित सिस्टरच्या फोटोसह. आमची सिस्टर यादीत नाही म्हटल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, “पुढच्या बॅचला घालून टाका ना त्यांना.” माणूस वाईट नाही, त्याला खरंच तेवढंच सोपं वाटतं.

अहवाल अजून माझ्याकडेच आहे. खरं लिहावं तर रात्री विनापरवाना कपाट उघडलं म्हणून तिला मेमो, आणि कंत्राट वाढवायच्या वेळी तोच मेमो फाइलीत सगळ्यात वर. न लिहावं तर ते बाळ आमच्या शंभर टक्क्यांच्या खात्यावर जमा. तूर्त मी वेगळं पत्र दिलंय: बाहुल्या डेड स्टॉकमधून काढून उपभोग्य (वापरून संपणाऱ्या) साहित्यात घ्याव्यात, लेबर रूममध्ये उघड्यावर ठेवाव्यात, आणि नामनिर्देशनाला कायमपदाची अट नसावी. पत्र परत आलं. समासात हिरव्या शाईत शेरा आहे: ‘चर्चा करावी’. कोणी, कोणाशी, ते लिहिलेलं नाही; मी सोमवारची वेळ मागितली आहे.