दशांशाचे घरगुती डाव, इंदूर : झाकण, तराजू आणि आठ गुलाम

चालू डाव : झाकणाची टिचकी, तराजू, गुलामाचे पत्ते, पाव-पाऊण, शंभराचा कॅल्क्युलेटर. बंद केलेला : रुपये-पैशांचं दुकान. अर्धवट : भागाकाराची लोकर. खेळणारी मुलं पाचवी ते सातवीची. डाव ठेवायचा की काढायचा याची कसोटी एकच : उत्तर चुकलं तर ते समोरच्या वस्तूनं दाखवलं पाहिजे. मोठ्या माणसाला "चूक!" म्हणावं लागलं की तो डाव उरत नाही, शिकवणी होते.

दुकान का बंद

दशांश म्हटलं की घरोघरी आधी दुकान-दुकान मांडलं जातं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले आणि पुढे बराच काळ पाच, दहा, पंचवीस पैशांची नाणी मुलांच्या हाताखालून जात होती, तेव्हा हे ठीक होतं. ३० जून २०११ नंतर २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आजच्या सहावीतल्या मुलासाठी पैसा हा शब्दातच आहे. छप्पन दुकान या खाऊगल्लीला जाऊन आलं तरी त्याला दिसतो तो क्यूआर कोड आणि पूर्ण रुपयातला आकडा.

याहून मोठी भानगड वेगळी आहे. रुपयांच्या सवयीनं मूल ३.५ ला "तीन रुपये पाच पैसे" म्हणतं. चिन्हाच्या डावीकडे एक संख्या, उजवीकडे दुसरी, आणि दोघींचा संबंध नाही, असं डोक्यात बसतं. तिसरा अंक तर पैशांत कधी येतच नाही, त्यामुळे ०.३७५ समोर आलं की गाडी अडते.

पेट्रोलची पावती मात्र ठेवली आहे. तिच्यावर दर, लिटर आणि रक्कम असे तीन आकडे असतात. त्यातला एक अंगठ्यानं झाकायचा आणि मुलानं अंदाज सांगायचा. दर १०६.५० धरला तर ५०० रुपयांत ४.६९ लिटर येतं. "पाचापेक्षा थोडं कमी" एवढं तोंडी आलं तरी पुरे. दर शंभराच्या वर, म्हणून लिटर पाचाच्या आत, हा विचार झाला पाहिजे. ४६.९ सांगणाऱ्याला स्कूटरची टाकी किती लिटरची असते ते विचारायचं.

झाकणाची टिचकी

सामान : बाटलीचं प्लास्टिकचं झाकण, खडू, चार्ट पेपर, मास्किंग टेप. कॅरमची सोंगटी वापरू नका, फरशीवर ती सोफ्याखाली जाऊनच थांबते. झाकण हलकं असतं, बहुतेक वेळा दोन मीटरच्या आत थांबतं.

दोन मीटरची पट्टी घरी करायची. चार्ट पेपरच्या पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि कड कडेला भिडवून मागून टेप लावा. एकावर एक चढवून चिकटवल्या तर प्रत्येक जोडात सेंटिमीटरभर अंतर खाल्लं जातं. दर दहा सेंटिमीटरला रंग बदला, मधल्या सेंटिमीटरच्या बारीक रेषा पेन्सिलनं मारा. आकडे १०, २०, ३० असे घालू नका, ०.१, ०.२, ०.३ असे घाला. शिंप्याची फीत किंवा स्टीलची टेप याच कारणानं चालत नाही : मूल ८४ वाचतं, पुढे "०." लावतं आणि मोकळं होतं. झाकण ८ वर थांबलं तर त्याच सवयीनं ०.८ लिहितं.

डाव असा : प्रत्येकाला तीन टिचक्या, तिन्ही अंतरांची बेरीज ३.०० मीटरच्या जास्तीत जास्त जवळ, पण पुढे गेलात की बाद. माप झाकणाच्या जवळच्या कडेपर्यंत घ्यायचं. हे आधी ठरलं नाही तर तिथेच भांडण. दुसऱ्या टिचकीनंतर "आता किती उरलं" हे लिहूनच तिसरी मारायची. खरा सराव या वजाबाकीत आहे. पहिली १.२६, दुसरी ०.९, म्हणजे उरले ०.८४.

इथली ठरलेली चूक म्हणजे १.२६ खाली ०.९ उजव्या कडेला लिहिणं. मग बेरीज येते १.३५ आणि उरतात १.६५. काही बोलू नका. पट्टी पसरून १.२६ वर खूण करा आणि तिथून पुढे ०.९ मोजायला सांगा. पट्टी दोन मीटरवर संपते, तरी मोजणं संपत नाही. बहुतेक मुलं तिथूनच वहीकडे वळतात. ०.८ आणि ०.०८ चा घोळही असाच सुटतो : दुसरं झाकण ०.८ वर ठेवायचं, दोघांत ७२ सेंटिमीटरची मोकळी फरशी दिसते.

तराजू

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा, एक पातेलं, आणि पोहे किंवा साबुदाणा. शेव घेऊ नका. इंदुरात शेव समोर ठेवून वजन स्थिर राहील अशी अपेक्षाच चूक.

चिठ्ठीवर किलोत लक्ष्य लिहायचं : ०.३५०, ०.०८५, ०.२०५, ०.१२. मुलानं काट्याकडे न बघता मुठीनं तेवढं पातेल्यात टाकायचं, मग काट्यावर ठेवायचं. लक्ष्य आणि वजन यांतला फरक म्हणजे गुण. तीन फेऱ्यांत ज्याची बेरीज कमी तो जिंकला. काटा ग्रॅममध्ये दाखवतो, वहीत लिहायचं किलोमध्ये, आणि गंमत तिथेच होते. पडद्यावर ८५ आलं की प्रश्न येतोच, "आई, म्हणजे पॉइंट पंच्याऐंशी ना?"

उत्तर द्यायचं नाही. ०.८५ किलो म्हणजे ८५० ग्रॅम पोहे काट्यावर भरून दाखवायला सांगायचं. पातेलं शिगोशीग भरतं, पोहे ओट्यावर सांडतात, आणि शेजारी मघाचे ८५ ग्रॅम वाडग्याच्या तळाशी बसलेले असतात. पुढच्या फेरीपासून वहीत चिन्हानंतर तीन चौकोन आखून द्या : दशांश, शतांश, सहस्रांश. अंक उजवीकडच्या चौकोनापासून भरायचे, रिकाम्या जागी शून्य. चार-पाच फेऱ्यांनी चौकोन काढून घ्या, नाहीतर त्यांचीच कुबडी होते.

काट्याच्या खोड्या दोन. शून्याजवळ असताना चिमूटचिमूट टाकलं तर स्वस्त काटा आपोआप पुन्हा शून्यावर जातो आणि दोन-तीन ग्रॅम गायब होतात. म्हणून काट्यावर ओतायचं नाही, भरलेलं पातेलं उचलून ठेवायचं. आणि शेवटचा अंक एकानं मागेपुढे होतो, तेव्हा दोन ग्रॅमपर्यंतच्या फरकाला बरोबरी धरा.

गुलामाचे पत्ते

सगळ्यांत जास्त खेळला जाणारा आणि सगळ्यांत जास्त दुरुस्त केलेला डाव. पत्त्यांच्या जोडातून राजे आणि जोकर काढा. एक्का ते नव्वी म्हणजे १ ते ९, दश्शी म्हणजे ०. गुलाम आणि राण्या मिळून आठ पत्ते "बंद" : हा आला की संख्या तिथेच संपली. दोघांनीही "०." पासून सुरुवात करायची, एकेक पत्ता ओढून डावीकडून मांडायचा, जास्तीत जास्त तीन. पहिलाच पत्ता बंदचा आला तर खाली घालून दुसरा घ्यायचा. दोघांचं मांडून झालं की जो आधी बरोबर सांगेल कोणती संख्या मोठी, हात त्याचा.

बंद पत्ते नसतील तर हा डाव फोल आहे. सगळ्याच संख्या तीन अंकी असल्या की मूल त्या साध्या संख्यांसारख्या वाचतं आणि दर वेळी बरोबर येतं. शिकलं काहीच नाही, तरी हात गोळा होत राहतात. लांबी वेगळी झाली की पितळ उघडं पडतं. एकाकडे चव्वी आणि गुलाम, म्हणजे ०.४. दुसऱ्याकडे तिर्री, नव्वी, दुर्री, म्हणजे ०.३९२. "तीनशे ब्याण्णव मोठे!" अशी आरोळी ठरलेली. निकाल पट्टीवर : दोन्ही जागी पेन्सिलची खूण करा. ०.३९२ ही ०.४ च्या फक्त आठ मिलिमीटर अलीकडे पडते, पण अलीकडेच पडते.

याच्या उलट समज असलेली मुलंही भेटतात : "सहस्रांश म्हणजे बारीक, म्हणून जास्त अंकांची संख्या लहान." ती वरचा हात बरोबर जिंकतात आणि चुकीची कल्पना पक्की करून घेतात. त्यांच्यासाठी ०.३ आणि ०.४५ सारखी जोडी मुद्दाम लावून ठेवावी लागते. पिसताना थोडी लबाडी करा, चालते.

वाचताना अंक सुटे : शून्य दशांश चिन्ह तीन नऊ दोन. ०.४ आणि ०.४० समोरासमोर आले तर बरोबरी, पत्ते टेबलावरच राहतात आणि पुढचा हात दुप्पट. शेवटच्या शून्याचा अर्थ विचारलाच तर सराफ्यातली एखादी जुनी पावती काढा (सराफा दिवसाचा, दागिन्यांचा; रात्रीचा, खाण्याचा नाही). तिथे वजन ३.४८० ग्रॅम असं छापलेलं असतं. काट्यानं तिसरी जागासुद्धा पाहिली, एवढंच ते शून्य सांगतं.

पाव-पाऊण

चाळीस पत्ते : ०.२५ पासून ५.०० पर्यंत दर ०.२५ ला एक संख्या, प्रत्येकीचे दोन पत्ते, एकावर आकडा आणि दुसऱ्यावर शब्द. सव्वातीन, पावणेदोन, अडीच, साडेचार. हा डाव आजी-आजोबांशी लावा. त्यांच्याइतक्या पटकन पावकी-पाऊणकी कोणाच्या तोंडी नसते. आधी जोड्या जुळवायच्या, मग पाच-पाच पत्ते वाटून तीन पत्त्यांत बरोबर १० करायचे : पावणेतीन, साडेतीन आणि पावणेचार. मुलं पावणेतीनला ३.७५ लिहितात, कारण कानावर "तीन" पडतो. मर्यादा उघड आहे, पावपट सोडून दुसरं काही येत नाही. ०.३७ साठी झाकणाकडेच परतावं लागतं.

शंभराचा कॅल्क्युलेटर

साधा आठ अंकी कॅल्क्युलेटर. बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि टक्क्यांच्या कळांवर टेपचे तुकडे लावा. पहिल्यानं कोणतीही दोन अंकी संख्या टाकायची, मग आळीपाळीनं फक्त गुणाकार. पडद्यावर १०० पॉइंट काहीतरी आणेल तो जिंकला.

३७ ला ३ ने गुणलं की १११, पुढे गेलं. भागाकार नाही, वजाबाकी नाही. इथे मुलं अडकून बसतात; गुणलं की वाढतंच, हा समज इतका पक्का असतो. बसू द्या. कोणीतरी ०.९ दाबतं, ९९.९ येतं, आणि मग १.००५ पर्यंत मजल जाते : १००.३९९५. मोबाइलचा कॅल्क्युलेटर नको; मागची सगळी आकडेमोड दिसते आणि मुलं विचार करायचं सोडून जुने आकडे चाळत बसतात.

क्रिकेट, जरा जपून

सरासरीसाठी उत्तम. होळकर स्टेडियमवर ८ डिसेंबर २०११ ला वेस्ट इंडिजविरुद्ध भारताच्या ५० षटकांत ४१८ धावा, म्हणजे षटकाला ८.३६, सेहवागच्या १४९ चेंडूंत २१९, म्हणजे चेंडूला जवळपास १.४७. पण षटकांचा आकडा दशांश नाही. ४.३ म्हणजे चार षटकं तीन चेंडू, खरं तर साडेचार. ४.३ आणि ३.४ षटकांची बेरीज ७.७ आली की विचारा, षटकातला सातवा चेंडू कोणी टाकला? चेंडू मोजले की २७ आणि २२ मिळून ४९, म्हणजे ८.१. हे सातवीच्या आधी काढू नका. दशांश पक्के नसताना दोन्हींचा काला होतो.

अर्धवट : लोकर

भागाकारासाठी १.५ मीटर लोकर, तिचे ०.२५ मीटरचे तुकडे. सहा येतात. भागून उत्तर मूळ आकड्यापेक्षा मोठं कसं, हे हातात दिसतं. पण मुलं कापताना लोकर ताणून धरतात, सोडली की तुकडा आखडतो, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्याच मापाचा निघतो. आता परकराची सुती नाडी आणली आहे. ती ताणत नाही, फक्त कापल्यावर टोकं उसवतात, म्हणून कापायच्या जागी आधी टेप गुंडाळून मग टेपच्या मधोमध कात्री चालवायची.