पाच नंबर, सहा नंबर आणि चोविसावा भाग

पाच नंबरच्या बेडवरचे काका दर खेपेला एकच मागणी करायचे. साडेतीन तास होत आले की मान वळवून म्हणायचे, "भाऊ, आज अर्धा तास आधी काढून टाका जी. पाय आखडले पुरे." आणि मी दर खेपेला नाही म्हणायचो.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेली चौदा वर्षं हेच काम करतो. हाताच्या फिस्टुलात, म्हणजे ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. मिनिटाला 250 ते 300 मिली रक्त फिल्टरमधून फिरतं, आणि त्याच्या पडद्यापलीकडून मिनिटाला 500 मिली डायलिसेट, म्हणजे घाण ओढून घेणारं द्रावण, वाहतं. म्हणजे चार तासांत एका माणसासाठी 120 लिटर. शरीराच्या कानाकोपऱ्यात साठलेली घाण रक्तात उतरायलाच वेळ लागतो, म्हणून शेवटचा अर्धा तास सोडायचा नसतो. हे मी काकांना किती वेळा सांगितलं असेल! ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच मागायचे.

होळीनंतर मात्र ते मागेनासे झाले, आणि त्याचं कारण होतं सहा नंबर.

सहा नंबरवर सत्तावीस वर्षांची मुलगी असते. मिहान ह्या नागपूरच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत घरून काम करते. मंगळ, गुरू, शनी, दुपारची शिफ्ट, काकांचीही तीच. ती टॅबवर एक जुनी अमेरिकन मालिका बघायची. एक दिवस काकांनी विचारलं, "बाई, ह्या धुळीत तंबू ठोकून राह्यले ते लोक कोन हायेत?"

मालिकेचं नाव कार्निव्हाल. 2003 साली एचबीओवर सुरू झालेली. काळ 1934 चा. ओक्लाहोमाकडे दुष्काळ पडलेला, नांगरून नांगरून मोकळी झालेली माती वावटळीत उडून चाललेली, शेतकरी घरदार सोडून निघालेले. त्या धुळीतून एक फिरती जत्रा गावोगाव जाते. त्या जत्रेत बेन हॉकिन्स नावाचा पोरगा येऊन मिळतो, त्याच्या हातात बरं करायची शक्ती आहे. दुसरीकडे कॅलिफोर्नियात जस्टिन क्रो नावाचा पाद्री, रेडिओवरून प्रवचनं देणारा, आणि त्याच्या आत काळोख वाढत चाललेला. दर पिढीत असे दोघं जन्मतात, एक उजेडाचा, एक अंधाराचा, अशी त्या गोष्टीची मांडणी.

काका मूळचे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातले. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या, पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचं माहेरघर. नागपुरात सरकारी नोकरी लागायच्या आधी सहा-सात हंगाम ते एका नाटक मंडळीबरोबर दिव्यांचं काम करत फिरले होते. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा, शंकरपटाच्या बैलशर्यती सुरू झाल्या की आज ह्या गावी, उद्या त्या गावी. रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत नाटक. पडद्यावरची जत्रा ट्रकमध्ये सामान भरायला लागली तेव्हा काकांचे डोळे जसे लकाकले, तसे मी दोन वर्षांत पाहिले नव्हते.

मी सलाईनच्या स्टँडला क्रेप बँडेजने टॅब बांधून दिला, दोघांनाही दिसेल असा. मालिकेचे एकूण चोवीस भाग. एका खेपेला एक भाग, त्याआधी आणि नंतर चर्चा. मुलगी इंग्रजी संवाद मराठीत सांगायची, काका पडद्यावरचा उजेड समजावून सांगायचे. "हे पाय पोरी, दिवा खालून मारला हाय. मानूस भला असो, खालून उजेड मारला का चेहऱ्यावर भूत येते." सुरुवातीच्या नावांच्या वेळी भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते आणि त्यांच्या आतून निघणारी 1930 च्या दशकातली खरी चित्रफीत, ते काका दर वेळी पुन्हा लावायला सांगायचे. ह्या नावांच्या चित्राला, छायाचित्रणाला, वेशभूषेला मिळून त्या मालिकेला 2004 मध्ये पाच एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीची मोठी, पारितोषिकं मिळाली होती हे मुलीने सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "भेटलेच पायजे." आपल्याच मंडळीचा सत्कार झाल्यासारखे खूश होते.

मी ती मालिका अशीच पाहिली, तुकड्यातुकड्यांनी, बीपीचे पट्टे बांधता बांधता.

आता त्या दिवसाचं सांगतो. मे महिन्यातला शनिवार. नागपूरचा मे, त्यात आमच्या पेशंटना दिवसभरात मोजून पाणी. संत्र्यांच्या गावात राहून संत्रं खायची बंदी, कारण त्यातलं पोटॅशियम किडनीविना अंगात साठतं. काका आदल्या दिवशी लग्नाला गेले होते आणि मठ्ठा प्यायले होते. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. काट्याने सांगितलं. ड्राय वेटपेक्षा, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरच्या वजनापेक्षा, 3.4 किलो जास्त. चार तासांत एवढं पाणी ओढणं म्हणजे जोखीम. डॉक्टरांशी बोलून मी 2.8 लिटरवर ठेवलं.

त्या दिवशी चोविसावा भाग होता. मुलगी नेहमीपेक्षा गप्प होती. काका मात्र रंगात. पाद्री मक्याच्या शेतात शिरला, हातात कोयता. वॉर्डात कूलरचा आवाज आणि टॅबमधला वारा, एवढंच ऐकू येत होतं. मी आठ नंबरच्या मशीनचा अलार्म बघायला गेलो होतो.

"सर! काका बोलून नाही राहिले!"

मुलगी ओरडली. मी वळलो. काकांचे डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घाम. तिने काहीतरी विचारलं होतं आणि काकांनी उत्तर दिलं नव्हतं, एवढ्यावरून तिने ओळखलं. दोन महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. मशीनला ते अजून कळलंच नव्हतं, पुढचं बीपी घ्यायला सात मिनिटं बाकी होती. मी बटण दाबलं, 84 वर 50. पाणी ओढणं बंद केलं, डोक्याकडची बाजू खाली, पाय वर, सलाईन सोडलं, सिस्टरने ऑक्सिजन लावला. काही वेळापूर्वी काकांनी दोन जांभया दिल्या होत्या. बीपी उतरताना माणूस जांभया देतो हे मी नव्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी मला वाटलं, दुपार आहे, जेवून आलेत. ती चूक माझी, आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

सहा-सात मिनिटांनी 104 वर 64 झालं. काकांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग टॅबकडे.

"बंद केलं ना?"

"केलं काका, तुम्ही डोळे मिटले तिथंच," मुलगी म्हणाली. ती रडत होती.

मी सांगितलं, आता पाणी हळू ओढावं लागेल. सगळं नाही निघणार, पण डॉक्टर हो म्हणाले तर आज अर्धा तास जास्त बसा. साडेचार तास. दोन वर्षं अर्धा तास कमी मागणारा माणूस म्हणाला, "बसतो जी. शेत राह्यलं ना अजून."

तर शेत. बेन त्या पाद्र्याला मारतो आणि स्वतःही कोसळतो. त्याला जत्रेच्या, कायम पडद्यामागे राहणाऱ्या मालकाच्या गाडीत नेऊन ठेवतात आणि जत्रा निघून जाते. मागे मक्यात पाद्र्याचं प्रेत. सोफी येते, पत्ते वाचणाऱ्या बाईची मुलगी, त्या पाद्र्याचीच लेक. त्याच्या छातीवर हात ठेवते आणि भोवतालचा मका वाळत जातो. संपलं.

काका थोडं थांबले. "मंगळवारी पुढचा लावशीन?"

मुलीने मान खाली घातली. मग सांगितलं. पुढचा नाही. 2005 मध्येच मालिका बंद केली. लिहिणाऱ्याने, डॅनियल नॉफने, सहा हंगाम आखले होते, दोन-दोन हंगामांचे तीन खंड. त्यातला पहिलाच खंड झाला. पहिल्या भागाला 53 लाख लोक होते, दुसऱ्या हंगामात 17 लाखांच्या आसपास उरले. खर्च अफाट. बंद झाल्याचं कळल्यावर चाहत्यांनी वाहिनीकडे ईमेलचा पाऊस पाडला, उपयोग झाला नाही. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं तर काका बघणार नाहीत, आणि बघितलं नाही तर साडेतीन तासांनी पुन्हा सुया काढायला सांगतील, म्हणून ती गप्प राहिली होती.

काका चिडले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि बीपीसाठी मला भीतीही वाटली. "तंबू ठोकला, लोकं बसवले, अना अर्ध्या खेळात दिवे घालवले? आमचं जनरेटर बंद पडलं तं आमी गॅसबत्त्या टांगून खेळ पुरा केला हाय. थंडीत दोन हजार मानूस बसून होतं. कमी झाले तं कमी झाले! सतरा लाख मानूस काई मानूस नाई का?"

त्याचं मला पटलं. पैशाचा हिशेब मलाही कळतो, पण ज्याने शेवटपर्यंत बसायचं कबूल केलं त्याला अंधारात उठवून घरी पाठवू नये.

मग वॉर्ड बोलायला लागला. आठ नंबरचे ऑटोवाले म्हणाले, पाद्री जिवंत होणार, पोरीनेच त्याला उठवलं. तीन नंबरच्या पेशंटची बायको म्हणाली, पोरगी अशी कशी वागेल, तिला माहीत कुठे होतं आपण काय करतोय. आम्हाला वाटायचं ह्यांचं लक्ष नाही, पण त्या बाई दोन महिने स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. मुलीने सांगितलं, दुसरा खंड 1939 मध्ये सुरू व्हायचा होता आणि तिसरा 1945 पर्यंत जाणार होता, त्या वर्षीच्या जुलैत अमेरिकेच्या वाळवंटात पहिला अणुबॉम्ब फोडून पाहिला तिथपर्यंत. गोष्टीच्या अगदी सुरुवातीलाच त्या स्फोटाचा, खोटा सूर्य म्हणून, उल्लेख आहे. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे मधली चार-पाच वर्षं बेन कुठे असेल?" तापमान, दाब, अलार्म सांभाळत मीही बोलत होतो. माझं म्हणणं होतं, बेन आता पडद्यामागे बसणार, नवा मालक तोच.

"पण त्याने कोणाला बरं करायचं तरी कसं?" मुलगी म्हणाली. "दर वेळी दुसऱ्याचा जीव जातो. पहिल्याच भागात त्या लंगड्या पोरीला चालवलं तर आजूबाजूचं पीक गेलं. आताही तेच. मला नाही आवडत ते. कोणी माझ्यासाठी वाळू नये."

वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे की तिची आई किडनी द्यायला दोन वर्षांपासून तयार आहे आणि मुलगी तपासण्याच करू देत नाही. झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्याचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव लावून बसली आहे. आई त्या वेळी दाराशी डबा घेऊन उभी होती. कधी आली ते कोणाला कळलं नाही.

काका छताकडे बघत होते. हळू बोलले. "पोरी, त्या पिकाले कोनं इचारलं होतं का? नाई इचारलं. म्हनून ते पाप. तुह्या मायले तं कोनी इचारायचीबी गरज नाई. ते रोज सोताहून सांगून राह्यली."

कोणी काही बोललं नाही. मुलीने ओढणी तोंडावर घेतली. आई आत आली, स्टूल ओढलं आणि तिच्या पायाशी बसली. दही-भाताचा डबा तसाच मांडीवर.

काकांचं मशीन साडेचार वाजता संपलं तेव्हा पुढच्या शिफ्टचे पेशंट बाहेर बाकांवर खोळंबले होते. मी त्यांची माफी मागितली. काकांचं वजन अजून जवळपास दीड किलो जास्तच होतं. सुया काढल्या, बोटाने दहा मिनिटं दाबून धरलं, रक्त थांबल्यावर फिस्टुलावर हात ठेवून थरथर बघितली. चांगली होती. रविवारी पाण्याचं काय ते मी त्यांना जरा कडक शब्दांत सांगितलं. मठ्ठा नाही, बर्फाचा खडा तेवढा चघळा.

मंगळवारी काका आले ते शाळेची दोनशे पानी वही घेऊन. वजन 1.9 किलो जास्त, म्हणजे पाणी पाळलं होतं. सुया लावताना त्यांनी हात पुढे केला पण नजर वहीवर. पहिल्या पानावर नाटकाच्या संहितेसारखं लिहिलं होतं, अंक तिसरा, प्रवेश पहिला. खाली मक्याचं वाळलेलं शेत, आणि समासात बारीक अक्षरात, उजेड डावीकडून, पिवळा, हळूहळू.

"सन 1939," काका म्हणाले. "बाई, ते पोरगी आता किती वर्साची असन?"

सहा नंबरने टॅब बंद करून उशाशी ठेवला होता. आज तिची आई आतच बसली होती, दोन बेडच्या मधल्या स्टुलावर. "सोफी ना? पंचविशी ओलांडली असेल काका," मुलगी म्हणाली. "पण ती मक्यातनं उठते ते आधी दाखवा. तिथूनच सुरू करा."

"तेच तं लिवलं हाय. आयक."

मी मशीनवर वेळ टाकली, 4:00, आणि पंप सुरू केला.