‘पी-००१६ आलाय, कुठला सेन्सर बदलू?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी-००१६ हा बिघाडाचा कोड दिसला, की पुढचा प्रश्न ठरलेला: कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) सेन्सर बदलू की क्रँकचा (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा)?

अजून कुठलाच नाही.

सेन्सर किंवा त्याची वायर गेली असेल तर बहुधा क्रँकसाठी पी-०३३५ किंवा कॅमसाठी पी-०३४० येतो. पी-००१६ वेगळा आहे. दोन्ही सेन्सरकडून खबर येतेय, पण दोन्ही खबरी एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच तो सांगतो.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. बऱ्याच इंजिनांत क्रँकच्या सेन्सरसमोरच्या चाकावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा ही इंजिनाच्या संगणकाची खूण. तिच्यापासून ठरावीक अंतरावर कॅमची खूण यायला हवी. ती उशिरा किंवा लवकर आली की कोड पडतो.

अशा एका गाडीचे दोन्ही सेन्सर मी बदलले होते. थोड्याच दिवसांत तोच कोड घेऊन गाडी परत आली. मग ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून दोन्ही सिग्नल एकाखाली एक पाहिले आणि त्याच इंजिनाच्या चांगल्या नमुन्याशी ताडले. कॅमची खूण क्रँकच्या चाकाचे दोन दात मागे होती. एक दात ६ अंशांचा, म्हणजे दोन दात क्रँकच्या हिशेबानं १२ अंश. दोन्ही सेन्सर पहिल्यापासून खरं बोलत होते. दोन्ही शाफ्टना जोडणारी चेन झिजली होती. मालकाचा तो खर्च वाया गेला, हे मला अजून लागतं.

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद सहसा लांबत नाही. कड्यांच्या पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते आणि सगळी मिळून काही अंश होते. चेन स्प्रॉकेटवर (तिच्या दातेरी चाकावर) एक दात सरकली असेल तर फरक मोठा असतो: क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात असतील तर एका दाताला १८ अंश. तेव्हा गाडी ओढत नाही, आयडलिंग हलतं, सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी भरू शकतं.

तरी लगेच चेन कव्हर उघडू नका. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा असेल तर ती बहुधा ऑइलच्या दाबावर चालते. ऑइल कमी असेल, गाळ झालं असेल किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल, तर कॅम अडकून हाच कोड येऊ शकतो. म्हणून आधी डिपस्टिक, मग त्या यंत्रणेला ऑइल सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी. थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूला क्षणभर खडखड होते का, तेही ऐका; होत असेल तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि चेनचा संशय वाढतो. खडखड चालूच राहिली तर मात्र इंजिन बंद करा. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येणारं इंजिन असेल तर चेन आणखी सरकल्यावर व्हॉल्व्ह वाकतात.

चेन बदललीत तर स्टार्टर मारायच्या आधी क्रँक पान्यानं, इंजिन फिरतं त्याच दिशेला, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्येच अडलं तर जोर लावू नका. फेरे झाल्यावर टायमिंगच्या खुणा पुन्हा तपासा आणि मगच कव्हर लावा.