ऑलमोस्ट, बॉर्डरिंग ऑन, ऑन द व्हर्ज ऑफ

इंग्रजीत 'ऑलमोस्ट' किंवा 'निअर्ली' (जवळजवळ) यांच्यापुढे विशेषण आलं, तर ते सहसा टोक असलेलं, म्हणजे शेवटची मर्यादा ठरलेली असलेलं लागतं. फुल, एम्प्टी, डेड, इम्पॉसिबल यांना टोक आहे, म्हणून 'ऑलमोस्ट फुल' बरोबर. 'टॉल'ला टोक नाही, त्यामुळे 'ऑलमोस्ट टॉल' खटकतं.

'बॉर्डरिंग ऑन' (जवळपास त्या हद्दीला टेकलेलं) जास्त मोकळं, आणि फार कामाचं. पुढे नामही चालतं, विशेषणही: 'कॉन्फिडन्स बॉर्डरिंग ऑन ॲरोगन्स', 'कॉन्फिडंट, बॉर्डरिंग ऑन ॲरोगंट'. दुसरा शब्द मात्र पहिल्याच्याच दिशेने एक पायरी पुढचा हवा. 'कॉन्फिडंट, बॉर्डरिंग ऑन शाय' लिहिलंत की अर्थच मोडतो.

सहज चूक होते ती 'ऑन द व्हर्ज ऑफ'मध्ये (अगदी बेतात, उंबरठ्यावर). 'ऑफ'नंतर नाम किंवा आयएनजी-रूप येतं, नुसतं विशेषण नाही. 'ऑन द व्हर्ज ऑफ बँकरप्ट' चूक. 'बँकरप्सी' किंवा 'गोइंग बँकरप्ट' लिहा.