हॅपी बड्डे, थँक्स रे

आज वाढदिवस. सकाळपासून वॉलवर शुभेच्छांचा नुसता पाऊस. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू! पण शाळेतल्या एका मित्राला ‘थँक्स रे’ टाकताना अंगठा चुकून वर सरकला आणि मागचं सगळं दिसलं. सात वर्षांचं चॅट. ‘हॅपी बड्डे’, ‘थँक्स रे’. पुन्हा ‘हॅपी बड्डे’, ‘थँक्स रे’. मध्ये एक अक्षर नाही. आणि याच्याशी मी एकेकाळी तासन्‌तास बोलायचो.

फेसबुक ५००० मित्र करू देतं. रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञाच्या मते माणसाला साधारण १५० नातीच नीट सांभाळता येतात. (मला तर पंधराही जड जातात.)

गंमत बघा, ज्याचा चेहराही कधी पाहिला नाही अशा ऑनलाइन गेममधल्या एका पोराने काल हेडफोनवर विचारलं, ‘दादा, आवाज बसलाय, बरं नाही का?’ घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यामुळे सगळं खापर स्क्रीनवर फोडणंही जमत नाही.

शेवटी मित्राला फोनच लावला. बराच वेळ रिंग वाजली. उचलल्यावर पहिलं वाक्य, ‘काय रे, चुकून लागला का?’