पोस्टरच्या खालच्या बाकावर

मी कोथरूडमधे एका बँकेच्या शाखेत काउंटरला असते, कुठली बँक ते विचारू नका, अजून नोकरी करायचीय. ही गोष्ट 28 ऑक्टोबर 2024 ची, सोमवार, वसुबारस. बाहेरच्या माणसाला ही नुसती तारीख वाटेल पण आम्हाला वाचूनच घाम फुटतो, कारण शनिवार चौथा म्हणून बंद, रविवार बंद, आणि सोमवारी उजाडल्यापासून अख्ख्या कोथरूडला ओवाळणीसाठी दहाच्या कोऱ्या नोटांचं बंडल हवं असतं. नाही म्हटलं तर "मग वरती साहेबांना विचारा" म्हणतात. अहो साहेबांकडे काय छापखाना आहे का.

अकराच्या सुमारास एक काका आले. पेन्शनर, पंचाहत्तरच्या पुढचे, दर महिन्याला पासबुक भरायला येणारे, प्रिंटरची ओळ वाकडी आली तर परत मारून मागणारे. कानाने कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलतात, त्यामुळे त्यांचे सगळे बँकेचे व्यवहार रांगेला पाठ असतात. म्हणाले, मॅडम मी कानाचं मशीन मागवलं होतं ऑनलाइन, चौदाशे नव्याण्णवला, पंधरा दिवस झाले, पैसे कापले, मशीन नाही. मुलगी दिवाळीला येणार, तिला सारखं ओरडून बोलावं लागतं म्हणून हौसेने मागवलं.

माझ्यासमोर अकरा माणसं. मी मान वर न करता म्हटलं, "काका, हा बँकेचा विषय नाही, त्यांच्या कस्टमर केअरला फोन करा."

हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणत असेन. चूक आहे ते. म्हणजे सभ्यपणाच्या दृष्टीने नाही, कामाच्या दृष्टीनेच चूक. कार्डाने पैसे भरले आणि वस्तू आली नाही तर त्याचा डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराची तक्रार, बँकच घेते, त्याचा फॉर्म माझ्याच डाव्या ड्रॉवरमधे असतो, एक पान, दोन सह्या. पण भरायला दहा मिनिटं लागतात आणि पुढे अकरा माणसं.

काका "बरं" म्हणाले आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. त्या बाकाच्या वर भिंतीवर आमचं पोस्टर आहे, ओटीपी कुणालाही सांगू नका, त्यात एक काळा बुरखेवाला चोर लॅपटॉप घेऊन बसलेला. चोर असा दिसतो असं आम्ही लोकांना शिकवलंय.

नंतर कळलं ते असं, की काकांनी फोनला तोंडाने विचारलं, कस्टमर केअर नंबर दे, आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. आता तो नंबर काही त्या मशीनवाल्याचा नव्हता. हे लोक वेगळेच, सर्चमधे खोटे कस्टमर केअर नंबर पेरून ठेवतात आणि कोण कुठल्या तक्रारीचा फोन करतोय याचं त्यांना काहीही पडलेलं नसतं. पहिला चोर, म्हणजे तो मशीनवाला, आणि हा दुसरा चोर बहुतेक एकमेकांना ओळखतही नसतील. मधला पूल मी बांधून दिला.

ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर. हॉलभर आवाज, "सर, आप का रिफंड प्रोसेस हो रहा है, व्हॉट्सॲप पे एक फॉर्म भेजा है." गर्दीत मलाही तुटक ऐकू येत होतं आणि मी काय केलं माहितीये? मी काउंटरवरून म्हटलं, "काका, जरा आवाज कमी करा ना, लोकांना त्रास होतोय." त्यांनी आवाज कमी केला.

पावणेबाराला ते परत आले, फोन चालूच, म्हणाले मॅडम दहा रुपये कापून रिफंड येतोय म्हणाले, पासबुक भरून द्या. मशीनमधून कागद बाहेर आला तेव्हा तीन ओळी. 49,999. 24,999. 19,900. तिन्ही अकरा छत्तीस ते अकरा त्रेचाळीसच्या मधल्या. फोनवर एकही मेसेज नाही, कारण तो जो "फॉर्म" होता ती एपीके फाइल होती, म्हणजे फोनमधे ॲप बसवणारी फाइल. काकांनी विचारेल त्याला "हो" दाबत परवानग्या देऊन टाकल्या, त्यामुळे आलेले ओटीपीचे मेसेज परस्पर तिकडे जात होते. त्यांना ओटीपी कुणी विचारलाच नाही. पोस्टरवरची सूचना त्यांनी तंतोतंत पाळली होती.

इथे मला थोडा भाव खाऊ द्या. अशा वेळी सगळे आधी कार्ड ब्लॉक करायला धावतात. मी आधी खात्याला डेबिट फ्रीज लावते, म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणंच बंद. कार्ड बंद केलं तरी यूपीआय, नेट बँकिंग उघडंच राहतं आणि ज्याच्या हातात मेसेज आहेत तो दुसऱ्या दाराने येतो. फ्रीज मात्र एकट्याने होत नाही, एकाने टाकायचा आणि दुसऱ्याने पास करायचा. पास करणारे साहेब केबिनमधे रीजनल ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर, विषय डिजिटल ॲक्टिव्हेशनचं, म्हणजे ग्राहकांचं ऑनलाइन चालू करून द्यायचं, टार्गेट. मी कॅशवाल्या ऑफिसरला नोटांच्या बंडलासकट ओढून आणलं. 11:51 ला फ्रीज पास झाला. 11:52 ला चौथा प्रयत्न आला, 4,999 चा, आणि नाकारला गेला. आधीचे तीन धरून कार्डाच्या लाखाच्या लिमिटमधे बरोबर बसवलेला आकडा होता तो.

मग कार्ड हॉटलिस्ट म्हणजे ब्लॉक, मग यूपीआय आणि नेट बँकिंग. आणि तोवर फोनमधला माणूस म्हणतोय, "सर, बँक वालों से बात मत कीजिये." मी काउंटरवरून हात घालून फोन ओढला आणि फ्लाइट मोडवर टाकला. काका भडकले. अहो रिफंड येत होता, तुम्ही मधेच कट केलात! रांगेतली एक बाई पण म्हणाली, काय ही पद्धत. पाच मिनिटं मी त्यांना तीन ओळी दाखवत होते आणि ते मला चौदाशे नव्याण्णव दाखवत होते.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, चौथ्यांदा लागला. त्यांना व्यवहाराचे नंबर, वेळ, रक्कम नीट तयार लागतं, मी स्टेटमेंट काढूनच बसले होते. आता गंमत बघा, तक्रारीचा नंबर येतो तो खातेदाराच्याच मोबाईलवर, आणि तो मोबाईल तर घाण झालेला. शेवटी आमच्या शिपाईमामांच्या बटणांच्या फोनमधे सिम टाकलं, नॅनो सिम म्हणून बसेना, शेजारच्या मोबाईलवाल्याकडून अडॅप्टर आणला. त्याने दिवाळीच्या दिवसांत दहा रुपये लावले, ते मी दिले.

19,900 रुपये मधल्या पेमेंट कंपनीकडेच अडकले आणि नंतर परत आले. बाकीच्या दोन रकमांचे गिफ्ट व्हाउचर घेतले होते, काही मिनिटांत वापरलेसुद्धा. गेले 74,998.

दुपारी गर्दी ओसरल्यावर ती मशीनची वेबसाइट मी माझ्या फोनवर उघडून बघितली. "ऑफर संपायला नऊ मिनिटं", पान परत उघडलं की परत नऊ मिनिटं. सगळे रिव्ह्यू एकाच दिवसाचे. घरी आल्यावर पैसे द्यायची सोयच नाही, सगळं आगाऊ. "संपर्क" मधे एक जीमेल आणि रिकामा फॉर्म. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने कायदेशीर नाव, पत्ता, फोन, तक्रार अधिकारी हे सगळं साइटवर द्यायला लागतं, म्हणजे ऑर्डर देण्याआधी खाली जाऊन एवढं बघितलं तरी अर्ध्या साइट गळतात. काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, पण कुलूप होतं की वरती! कुणीतरी त्यांना शिकवलं होतं की साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं की साइट खरी. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या साइटमधे चाललेलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा चोर असेल तर चोराशी अगदी खासगीत बोलता येतं, बस.

आणि आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमाने नवीन कार्ड देताना ऑनलाइन वापर बंद असतो, ग्राहकाने स्वतः चालू करायचा, लिमिट स्वतः ठरवायचं. काकांचं चालू कुणी केलं? आमच्याच शाखेतल्या पोराने, कार्ड हातात देताना, "सगळं चालू करून दिलंय काका". लिमिट एक लाख. पोरगा वाईट नाही, त्याचं टार्गेट होतं. माझ्या आईचं ऑनलाइन लिमिट मी दोन हजार ठेवलंय, आणि तेही वेगळ्या छोट्या खात्यावर, पेन्शनच्या खात्याला ऑनलाइन हात लावायचाच नाही असं तिला सांगितलंय. घरच्यांना हे सांगते, काउंटरवर किती जणांना सांगितलं ते आठवत नाही.

त्या 74,998 चा डिस्प्यूट पाठवला. तेव्हा लागू असलेलं 2017 चं रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर आम्हाला पाठ असायचं, ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याचं नुकसान शून्य, पण स्वतःच्या निष्काळजीपणाने गेलं तर कळवेपर्यंतचं सगळं त्याचं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते, हे वाक्य त्याच सर्क्युलरमधे होतं पण ते आमच्याकडे कमी जणांना पाठ होतं. शाखेच्या रिपोर्टमधे एक रकाना असतो, घटना कशी घडली. मी लिहिलं, ग्राहकाने इंटरनेटवरून मिळालेल्या क्रमांकावर संपर्क साधला. खरं आहे. तो फोन करायला कुणी सांगितलं आणि कुठे बसून झाला, त्याला रकाना नव्हता.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं, ओटीपी वापरून झालेले व्यवहार, ग्राहकाचा निष्काळजीपणा, दावा अमान्य. मी काकांना हळूच सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट असतं, वकील लागत नाही. आपल्याच बँकेविरुद्ध सांगताना आवाज इतका खाली गेला की त्यांना ऐकूच आलं नाही, शेवटी चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. चौदाशे नव्याण्णवचा डिस्प्यूट मी त्याच दिवशी त्या डाव्या ड्रॉवरमधला फॉर्म काढून टाकला होता. ते पैसे मात्र नोव्हेंबरच्या शेवटी परत आले, सगळेच्या सगळे.

त्याच आठवड्यात काका हयातीच्या दाखल्याला आले. कानात मशीन, दुकानात जाऊन कान तपासून घेतलेलं, मुलीने करून दिलं म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलत होते. बोटाचा ठसा मशीनवर जुळत नव्हता, या वयात रेषा पुसट होतात, दोनदा फेल झालं. तिसऱ्यांदा बोट पुसत म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. त्या दिवशी नंबर कुठून घ्यायचा ते तुम्ही सांगितलं असणार. मलाच नीट ऐकू आलं नसेल, नाही का?"

मी म्हटलं, "काका, आता अंगठा ठेवून बघू."