तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर हळू चालतोय, नवीन घेऊ का?

घरून भाषांतराची कामं करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते, म्हणून हा प्रश्न मला सोसायटीत, लग्नकार्यात, कधी भाजी घेतानाही विचारला जातो. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: थोडं थांबा. आहे त्या विंडोजची आधी नीट ओळख करून घ्या.

शेजारच्या काकांचंच सांगते. "अगं, बटण दाबून मी चहा करून आणतो, तरी हा उघडलेला नसतो," ते म्हणाले. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्सखाली सीपीयूवर क्लिक केलं की 'अप टाइम' दिसतो, म्हणजे विंडोज शेवटचं नव्याने सुरू झाल्याला किती वेळ झाला तो. तिथे होते 37 दिवस. काका चक्रावले. "मी तर रोज रात्री बंद करतो, भिंतीवरचं बटणसुद्धा!"

ते खरंच बंद करत होते. पण विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. आहे त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. कुठे काही अडकलेलं असेल तर तेही तसंच पुढे येतं. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करा. किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, मग ते खरोखर बंद होतं.

त्याच खिडकीत 'स्टार्टअप' हा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. काकांकडे चौदा होते. कधीतरी एकदा घेतलेला व्हिडिओ कॉलचा, मागच्या प्रिंटरचा, असे. अँटिव्हायरस, आवाज आणि टचपॅडच्या नोंदींना हात लावू नका. बाकीच्या ओळखीच्या नोंदी 'डिसेबल' करा. प्रोग्रॅम जात नाही, फक्त न बोलावता येत नाही.

एवढं करूनही रखडत असेल तर डिस्ककडे बघा. परफॉर्मन्समध्येच डिस्कचा आकडा साधं काम करतानाही 100 टक्क्यांवर अडकून राहत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. जुन्या मशीनवर मी केलेला सगळ्यात फायद्याचा खर्च तोच. डिस्क बदलण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा त्यावर असाल तर विंडोज 11 चालतं का ते तपासा. टीपीएम 2.0, म्हणजे सुरक्षेसाठीची एक चिप, नसलेली बरीच जुनी मशीन त्याच्या अटींत बसत नाहीत. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम छान चालते, आणि ती फुकट आहे.

पण मला मनापासून सांगायचंय ते वेगळंच. आपण घरात मराठी बोलतो आणि कॉम्प्युटरवर 'aai' असं रोमनमध्ये लिहितो. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आहेच, आणि 2019 पासून फोनेटिकही आहे, म्हणजे उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी उमटतं. सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा, तिच्या पर्यायांतून कीबोर्ड निवडा; मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की इंग्रजीतून मराठीत येता. मी स्वतः इनस्क्रिप्ट वापरते, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'डी'वर हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), 'के'वर क. 'दुसऱ्या'मधला तो ऱ्य, जो अनेकांना सापडत नाही, तो शिफ्ट-जे, मग डी, मग य असा येतो. पंधरा दिवस बोटं अडखळतात, नंतर कीबोर्डकडे बघावंही लागत नाही.

काका कुलवृत्तांत लिहितायत. पहिली पन्नासेक पानं त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये केली होती. त्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात देवनागरी, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती रोमन खुणाच असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुलाने फाइल उघडली तेव्हा नुसती अगम्य चिन्हं दिसली. ती पानं आम्ही कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला देवनागरी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, आणली, काकांनी ओळ न् ओळ तपासली, आणि पुढचं ते फोनेटिकवर लिहू लागले. उतारे इकडून तिकडे न्यायला त्यांना विंडोज आणि व्ही दाखवलं: आधी कॉपी केलेले पंचवीस तुकडे यादीत दिसतात, हवा तो उचलायचा. त्यासाठी क्लिपबोर्ड हिस्टरी एकदा चालू करावी लागते.

मागच्या रविवारी त्यांनी डॉक्युमेंट्सचं फोल्डर उघडून शोधाच्या चौकटीत 'गुहागर' लिहिलं. चार फाइल्स आल्या. नावात गुहागर एकीच्याही नव्हतं, आतल्या मजकुरात होतं. चौथ्या फाइलमध्ये त्यांच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीची नोंद होती, ती आपण लिहून ठेवलीय हे ते विसरूनच गेले होते. मग त्यांनी काकूंना आतून हाक मारली.